स्पोर्ट्स कार लीजवर घ्यावी की विकत? (न्यू जर्सी, मॅन्युअल एम२)

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाड्यांवरचे जुने धागे चाळले, पण नेमकं हवं ते सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनजवळ. वय ४६. गाडी शिकलो ती मामांच्या ट्रकवर, खंबाटकीत. डबल क्लच दिल्याशिवाय गिअर पडायचा नाही. चुकलो की मामा बोलायचे नाहीत, माझ्या हातावर हात ठेवून तोच गिअर पुन्हा टाकायला लावायचे. गाडी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे अजून तो दांडा येतो. इकडे आल्यापासून मात्र व्हॅन आणि सेडान, सगळ्या ऑटोमॅटिक.

यंदा ठरवलंय. बीएमडब्ल्यू एम२, सहा गिअरची मॅन्युअल. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ४७३ हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. चालवून आलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना दांडा जसा खटकन बसला, तेव्हाच मन बसलं.

आता आकडे. खिडकीवरच्या कागदावर ७२,००० डॉलर, घासाघीस करून ७०,०००.

लीज (मुदतभर भाडं भरायचं, शेवटी गाडी परत): ३६ महिने, वर्षाला १०,००० मैल, मुदतीअखेर धरलेली किंमत ५८ टक्के, मनी फॅक्टर (लीजवरचं व्याज) ०.००२५. हप्ता साधारण १,०६४, त्यावर टॅक्स. सुरुवातीला ९२५ आणि परत करताना ४९५ फी.

खरेदी: २०,००० रोख, बाकीचं टॅक्ससकट कर्ज, ६ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता साधारण १,०५६.

म्हणजे हप्ता जवळपास सारखाच, फक्त खरेदीत वीस हजार आधी जातात. डीलरचा माणूस म्हणतो, "सर, पैसे कशाला अडकवता? तीन वर्षं मजा करा, मग नवी न्या." बायकोचा गाडीला विरोध नाही, पण तिचा प्रश्न सरळ आहे: तीन वर्षांनी आपल्या हातात काय राहणार?

गाडी वर्षाला सहा हजार मैलांच्या वर जाणार नाही. ऑफिसला ट्रेनने जातो. डिसेंबर ते मार्च ती गॅरेजमध्येच राहील. मुलगा नववीत आहे, म्हणजे चार वर्षांनी कॉलेजचा खर्च. जाणकारांनी सांगा.

---

मिशिगनकर

अभिनंदन आधी! मॅन्युअल घेताय हे वाचूनच बरं वाटलं.

आमच्या डेट्रॉइटच्या बाजूला अर्धी गल्ली लीजवर असते, कारण गाडी कंपन्यांत काम करणाऱ्यांना सवलतीच्या योजना मिळतात. रोजच्या गाडीला लीज वाईट नाही. पण स्पोर्ट्स कार लीजवर घेतली की माणूस मैल मोजत बसतो. मी एकदा तसं केलंय. शेवटच्या उन्हाळ्यात रविवारी सकाळी किल्ली उचलायची, मीटर आठवायचा आणि किल्ली परत खुंटीला अडकवायची. ते दिवस काही परत येत नाहीत.

माझं मत: विकत घ्या. आणि परवडणं हाच प्रश्न असेल तर माझदाची छोटी स्पोर्ट्स कार मियाटा बघा. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आली, २०१६ पर्यंत दहा लाख झाल्या. १८१ हॉर्सपॉवर, पण वजन साडेतेवीसशे पौंडांच्या आसपास. तुमची एम२ तीन हजार आठशेच्या घरात जाते. माझ्याकडे मियाटा आहे, रोख घेतली. ६० मैलांच्या वेगातसुद्धा ती पोटभर आनंद देते.

---

कण्हेरी

डॅलसहून. मी वाहन कर्जाच्या क्षेत्रात बारा वर्षं काम करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. घाटवाट, तुम्ही आकडे नीट दिलेत, म्हणून उत्तरही नीट देता येतंय.

लीजच्या हप्त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग झिजेचा: ७०,००० मधून ४१,७६० (७२,००० चे ५८ टक्के) वजा केले की २८,२४० उरतात, ते ३६ ने भागले की ७८४. दुसरा भाग व्याजाचा: दोन्ही किमतींची बेरीज १,११,७६० गुणिले मनी फॅक्टर, म्हणजे २७९. एकूण १,०६४. तुमचा हिशेब बरोबर आहे.

मनी फॅक्टरला २४०० ने गुणलं की तो वर्षाच्या व्याजाचा दर होतो. ०.००२५ म्हणजे ६ टक्के. आता खरी गोम इथे आहे. वित्त कंपनी डीलरला एक मूळ दर देते आणि डीलर त्यावर आपलं चढवू शकतो. उदाहरणार्थ मूळ ०.००२१ असेल, तर तेवढ्या फरकाने तुमच्या खिशातून महिन्याला ४५ डॉलर, म्हणजे तीन वर्षांत १,६०० च्या वर जातात. फॉर्मवर फक्त हप्ता दिसतो, म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही. सोमवारी फोन करून सरळ विचारा: "मूळ मनी फॅक्टर किती आणि तुम्ही किती लावलाय?" प्रश्न या शब्दांत आला की समोरचा जरा सावरून बसतो.

आता तीन वर्षांचा ताळा.

लीज: हप्ते ३८,२९८, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स २,५३७ (तुमच्याकडे तो सगळ्या हप्त्यांवर सुरुवातीलाच मोजतात), फी १,४२०. एकूण ४२,२५५. मात्र तुमचे वीस हजार बँकेत राहिले, त्यावर ४ टक्क्यांनी अडीच हजार मिळाले असं धरू. निव्वळ साधारण ३९,७५०.

खरेदी: वीस हजार अधिक ३६ हप्ते, म्हणजे ५८,०००. तीन वर्षांनी कर्ज २३,८०० उरलेलं असेल. गाडीची किंमत तेवढीच, ४१,७६० धरली, तर तुमचा हिस्सा १७,९०० च्या आसपास. निव्वळ ४०,१००.

बघा, साडेतीनशे डॉलरचा फरक. गाडी तीन वर्षांनी सोडायचीच असेल तर दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. म्हणून "लीज म्हणजे पैसे पाण्यात" हे जितकं चूक, तितकंच "खरेदी म्हणजे पैसे अडकले" हेही चूक. झीज दोन्हीकडे तुम्हीच भरताय.

खरी फारकत पुढे होते. खरेदीत पाच वर्षांनी हप्ता संपतो आणि गाडी राहते. सहाव्या वर्षापासून फक्त विमा, टायर आणि दुरुस्ती. लीज करणारा माणूस सहाव्या वर्षी दुसऱ्या गाडीच्या हप्त्यात असतो. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: ही गाडी तुम्हाला दहा वर्षं हवी आहे का?

आणि एक, काहीही झालं तरी लीजवर मोठं डाऊन पेमेंट देऊ नका. हप्ता कमी दिसावा म्हणून डीलर पाच-सात हजार मागतात. दुसऱ्या दिवशी गाडी कुणी ठोकली आणि ती भंगारात गेली, तर गॅप विमा (गाडीची भरपाई आणि लीजचं देणं यांतला फरक भरणारा) लीज कंपनीचं देणं फेडतो, तुमचे पाच हजार परत देत नाही.

---

बोरकूट

कण्हेरीताई, फार छान समजावलंत. जपून ठेवण्यासारखा प्रतिसाद.

मी लीज परत केल्याचा अनुभव लिहितो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण करारात सगळं लिहिलेलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. तीन वर्षांचे ३०,००० मैल होते, माझे ३६,४०० झाले. मैलाला ३० सेंट, म्हणजे १,९२० डॉलर. त्यावर दोन रिम फुटपाथला घासलेल्या. तपासायला आलेल्या माणसाकडे एक छोटं प्लास्टिकचं कार्ड होतं. ते तो प्रत्येक ओरखड्यावर ठेवायचा आणि कार्डाबाहेर गेला की नोंद करायचा. मी बाजूला उभा होतो आणि त्या कार्डाच्या कडेकडेच बघत होतो. मागच्या टायरांची नक्षी एक अष्टमांश इंचाच्या खाली गेली होती, म्हणून दोन टायर वेगळे लावले.

स्पोर्ट्स कारचे मागचे टायर पंधरा-वीस हजार मैलांत संपतात. हा खर्च लीजमध्येही तुमचाच. वर परत करायच्या आधी तिसरा सेट टाकायची वेळ आली, तर ते नवे टायर दुसऱ्याच्या कामी जातात.

एक सल्ला: परत करण्याआधी दोन महिने स्वतःहून तपासणी करून घ्या आणि रिम बाहेरून नीट करून आणा. तेच काम शंभर-दीडशे डॉलरमध्ये होतं.

---

चाफेकळी

वाचते आहे. माझा मुद्दा गणिताचा नाही.

घाटवाटदादा, तुमचा मुलगा नववीत आहे. आमची मुलगी यंदा कॉलेजला गेली. दोन वर्षांपूर्वी जे खर्च आम्ही गृहीत धरले होते आणि आज जे भरतोय, त्यात खूप अंतर आहे. त्या काळात घरात लवचिकता लागते. तीन वर्षांची लीज मुलगा कॉलेजला जायच्या आधी संपते, किल्ली देऊन मोकळं होता येतं. गाडी विकायला काढणं, अनोळखी माणसं घरी येणं, भाव पाडून मागणं, यातलं काही नाही.

आणखी एक. अपघात झाला आणि गाडी नीट दुरुस्त झाली, तरी तिच्या इतिहासात ती नोंद राहते आणि विकताना किंमत पडते. लीजमध्ये ती पडलेली किंमत कंपनीची, आपली नाही. आमच्या लीजच्या गाडीला पार्किंगमध्ये एकाने चांगलंच ठोकलं होतं. दुरुस्ती विम्यात झाली, मुदत संपल्यावर परत केली, विषय संपला.

---

मिशिगनकर

चाफेकळी, अपघाताचा मुद्दा पटला, मी विचारच केला नव्हता. पण मुलाच्या कॉलेजचा मुद्दा मला उलटा वाटतो. हात आखडता घ्यायची वेळ मध्येच आली, म्हणजे समजा दुसऱ्या वर्षी नोकरी गेली, तर लीज मोडणं फार महाग पडतं. विकत घेतलेली गाडी आठवड्यात विकता येते.

---

कण्हेरी

दोघंही बरोबर आहात. लीज ठरल्या दिवशी संपते तेव्हा तिच्याइतकं सोपं काही नाही, पण मधल्या दिवशी तिच्याइतकं अडचणीचंही काही नाही. काही कंपन्या लीज दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही देत नाहीत. करारात ते कलम आधी शोधायचं.

---

टिळकरोड

पुण्याहून लिहितोय. इथल्या वाचकांसाठी आपल्याकडची बाजू सांगतो, कारण हल्ली आमच्या आयटी पार्कातही हाच विषय असतो.

आपल्याकडे लीज म्हणजे बहुतेक वेळा कंपनीमार्फत. गाडी लीज कंपनीच्या नावावर, भाडं पगारातून कर कापायच्या आधी वळतं. ऐकायला छान. पण महाराष्ट्रात एक खोच आहे. स्वतःच्या नावावर वीस लाखांच्या वरची पेट्रोल गाडी घेतली तर एकरकमी वाहनकर १३ टक्के, कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. पन्नास लाखांच्या गाडीवर साडेतीन लाखांचा फरक! आयकरात वाचलेलं बरंचसं आरटीओत जातं.

आयात गाडीवर मात्र हा फरक राहत नाही, कारण तिला कुणाच्याही नावावर २० टक्केच लागतो. एम२ आपल्याकडे पूर्ण बनूनच येते. २०२३ मध्ये आली तेव्हा शोरूमची किंमत ९८ लाख होती. म्हणजे वाहनकराच्या बाबतीत आयात स्पोर्ट्स कारला लीज आणि खरेदी सारखीच. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख केलीये.

पण नोकरी बदलली की लीज गळ्यात येते: नवी कंपनी ती स्वीकारेल तर ठीक, नाहीतर उरलेली रक्कम एकदम भरा. माझ्या ओळखीत एकाने गाडीसाठी चांगली ऑफर सोडली. मी स्वतः आठ वर्षांपूर्वी सेकंडहँड गाडी विकत घेतली, पहाटे साडेपाचला ताम्हिणीत जातो, सात वाजता परत. आपल्याकडे रस्ता रिकामा असतो तो एवढाच वेळ.

---

नेकार

श्टुटगार्टहून. माझ्या घरापासून त्सुफेनहाउझेन जवळ, जिथे पोर्शची ९११ बनते. इथे लीज सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, निम्मे सहकारी कंपनीच्या गाडीवर. खासगी वापरासाठी दर महिन्याला गाडीच्या मूळ किमतीचा १ टक्का तुमच्या करपात्र उत्पन्नात धरतात. त्यामुळे महागडी गाडी 'फुकट' मिळाली तरी फुकट नसते.

घाटवाट, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: गाडी ट्रॅकवर नेणार का? इथे नुर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक तिकीट काढून कुणालाही खुला असतो, आणि लोक उत्साहात लीजची गाडी घेऊन जातात. करारात मनाई असते, विमाही मागे सरतो. कठड्याला लागली तर गाडी, दुरुस्ती, कठडा, सगळं तुमच्या नावावर. ट्रॅकचा विचार असेल तर माझ्या मते प्रश्न तिथेच सुटला.

---

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

नेकार, ट्रॅकचा विचार आहे. मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे, घरापासून दोन तासांच्या आत. वर्षातून एक-दोनदा, प्रशिक्षक बाजूला बसवून शिकायचंय. हे मी घरीसुद्धा पूर्ण बोललो नव्हतो, काल बोललो. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे लीजचा नमुना करार मागवून वाचला. शर्यत आणि स्पर्धात्मक वापर यांना मनाई, तशी अर्धी ओळ आहे. नवीन चाकं, एग्झॉस्ट, काही लावायचं तर परत करताना मूळ स्थितीत आणायचं.

कण्हेरीताई, डीलरला फोन केला. तुमचेच शब्द वापरले. थोडी शांतता, मग "मॅनेजरला विचारून सांगतो". संध्याकाळी नवा कागद आला, ०.००२२. म्हणजे आधी चढवलेला होताच. रागापेक्षा वाईट वाटलं, कारण आम्ही तासभर मुलांबद्दल, क्रिकेटबद्दल बोललो होतो.

आता एक शंका. माझे सहा हजार मैल आहेत, करार दहा हजारांचा. उरलेल्या मैलांचं काय?

---

कण्हेरी

काही नाही, परत मिळत नाहीत. तुम्ही तीन वर्षांत १८,००० चालवणार, पैसे ३०,००० चे भरणार. बारा हजार मैल कंपनीला भेट. शिवाय चार महिने गाडी गॅरेजमध्ये असते तेव्हाही हप्ता चालूच.

स्वतःची गाडी असेल तर ते न चाललेले मैल तुमच्या गाडीच्या किमतीत राहतात. १८,००० मैल चाललेली, हिवाळ्यातलं मीठ अंगाला न लागलेली मॅन्युअल, यासाठी ग्राहक वाट बघत असतो. म्हणून वर मी दोन्हीकडे ४१,७६० धरले, ते तुमच्या बाबतीत खरेदीवर अन्याय करणारं आहे. तुमची गाडी त्याहून जास्तीला जायला हवी.

---

चौथागिअर

बे एरियातून. एक वेगळी बाजू मांडतो, कारण कण्हेरी यांच्या शेवटच्या मुद्द्यात एक पळवाट आहे. लीजअखेर ठरलेल्या किमतीला गाडी विकत घ्यायचा हक्क तुमचा असतो. बाजारभाव जास्त असेल तर ४१,७६० ला घ्या, फायदा तुमचा. भाव पडला असेल तर किल्ली देऊन या, तोटा त्यांचा. २०२१-२२ मध्ये चिपच्या तुटवड्याने जुन्या गाड्यांचे भाव चढले, तेव्हा माझ्या तीन मित्रांनी लीजची गाडी ठरल्या किमतीला घेऊन वर विकली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी तिसऱ्याला थेट विकण्यावर बंधनं आणली, पण स्वतः घ्यायचा हक्क राहिला. इलेक्ट्रिक गाड्यांत हे उलट्या बाजूने दिसलं. पोर्शच्या टायकानसारख्या गाड्यांचे भाव इतके झपाट्याने उतरले की लीजवाले सुटले आणि मालक अडकले.

म्हणून माझा साधा नियम: जी गाडी झपाट्याने उतरते ती लीजवर, जी टिकते ती विकत. मॅन्युअल, मागच्या चाकांची, पेट्रोलची दोन दारांची गाडी टिकणाऱ्यांत येते.

---

कण्हेरी

बरोबर, हा हक्क मोलाचा आहे. फक्त त्याची किंमत मोजा. ४१,७६० वर न्यू जर्सीत पुन्हा ६.६२५ टक्के, म्हणजे २,७६७. आधीचे २,५३७ धरून टॅक्स ५,३०० च्या वर गेला. सुरुवातीलाच घेतली असती तर ४,६३८. आमच्या टेक्सासमध्ये तर लीजलाही पूर्ण किमतीवर ६.२५ टक्के आणि शेवटी विकत घेताना पुन्हा टॅक्स. शेवटी विकत घ्यायचीच हे आज माहीत असेल, तर लीजमार्गे जाऊ नये.

---

थेम्सकाठ

लंडनमध्ये आमच्याकडे पीसीपी नावाचा मधला मार्ग चालतो: थोडं डिपॉझिट, तीन-चार वर्षं हप्ते, आणि शेवटच्या मोठ्या रकमेची हमी सुरुवातीलाच. भरा आणि गाडी घ्या, नाहीतर परत करा. चौथागिअर म्हणतात तसंच. पेट्रोल गाडीची यादीतली किंमत ४० हजार पौंडांच्या वर असली की दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा वाहनकर, तो मात्र कुणी आधी सांगत नाही.

---

चौथागिअर

घाटवाट, तिसरा पर्याय कुणी मांडलाच नाही म्हणून सांगतो: एक-दीड वर्ष जुनी गाडी. पहिल्या वर्षाची मोठी झीज पहिल्या मालकाने भरलेली असते. बीएमडब्ल्यूची मूळ वॉरंटी चार वर्षं किंवा ५०,००० मैल, ती गाडीबरोबर येते.

माझी २०१८ ची पोर्श ७१८ केमन मी दोन वर्षं जुनी घेतली. अजून आहे, आणि आता ७१८ बनणंच थांबलंय, त्यामुळे विकायचा विचारही मनात येत नाही.

जुनी मॅन्युअल घेताना दोन गोष्टी सोडू नका. एक, क्लच. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच घसरतोय. दुसरं, आधीच्या मालकाने चुकून पाचव्याऐवजी तिसऱ्यात टाकून इंजिन मर्यादेबाहेर फिरवलंय का. ऑटोमॅटिकमध्ये संगणक अडवतो, मॅन्युअलमध्ये अडवणारं कुणी नसतं. पोर्शमध्ये ही नोंद संगणकात टप्प्याटप्प्याने दिसते. तुमच्या गाडीसाठी स्वतंत्र गॅरेजमधून तपासणी करून घ्या, दोन-तीनशे डॉलर जातील, जाऊ द्या. एम गाड्यांची पहिली सर्व्हिस १,२०० मैलांवर असते, तोवर इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांच्या वर न्यायचं नसतं. ती सर्व्हिस झाल्याची नोंद नसेल तर गाडी सोडा.

---

टिळकरोड

चौथागिअर यांना जोरदार अनुमोदन. आपल्याकडेही सेकंडहँडच शहाणपणाची.

---

चाफेकळी

दादा, जुनी घेतलीत तर माझ्या वरच्या शंकेची धार बरीच कमी होते. हप्ता किती येईल ते बघा आणि कॉलेजच्या वर्षांत तो किती दिवस चालू राहील तेही लिहून ठेवा.

---

घाटवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय.

पेनसिल्व्हेनियात एक गाडी सापडली. चौदा महिने जुनी, ९,१०० मैल, मॅन्युअल, निळी. ५८,५०० ला ठरली. पहिली सर्व्हिस १,१८० मैलांवर झाल्याची नोंद आहे. स्वतंत्र गॅरेजवाल्याने लिफ्टवर घेऊन दीड तास बघितली. पुढच्या डाव्या रिमला एक जुना ओरखडा सोडला तर काही निघालं नाही. चौथ्या गिअरची परीक्षा मी स्वतः घेतली, क्लच घट्ट आहे.

टॅक्स धरून ६२,३७६. वीस हजार रोख, बाकी क्रेडिट युनियनकडून (सभासदांची पतसंस्था) पाच वर्षांसाठी, हप्ता साधारण ८२०. चाफेकळीताई, शेवटचं वर्ष मुलाच्या पहिल्या वर्षाशी जुळतं, तेवढं एक वर्ष दोन्ही खर्च एकदम. त्यासाठी लीजच्या आणि या हप्त्यातला फरक, महिन्याला अडीचशेच्या आसपास, आतापासून वेगळ्या खात्यात टाकतोय. बायकोने ते खातं उघडूनही दिलं. तिच्या प्रश्नाचं उत्तरही आता देता येतं: तीन वर्षांनी हातात गाडी असेल आणि तिच्यावर थोडंच देणं असेल.

काल मामांना व्हिडिओ कॉल केला. वय ७९, नजर कमी झालीये. गाडी दाखवली, ते रंगाबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "गिअर टाकून दाखव." फोन दांड्याजवळ धरला आणि पहिला, दुसरा, तिसरा टाकून दाखवला. ते कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "सोपा पडतो रे."

आता हिवाळ्याच्या आधी एक प्रश्न उरलाय. उन्हाळी टायर सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होतात असं वाचलं. चार महिने उभीच ठेवणार असेन तर हिवाळी टायर घ्यायची गरज आहे का, आणि बॅटरीला चार्जर लावून ठेवता का तुम्ही?

रविवारी सकाळी साडेसहाला फ्रेंचटाऊनहून रूट २९ ने नदीकाठाने स्टॉकटनपर्यंत जाणार आहे. एडिसन, प्लेन्सबरो भागातलं कुणी येणार असेल तर माझ्या विचारपुशीत निरोप टाका. बाजूची सीट रिकामी आहे.

---

मिशिगनकर

जियो! बॅटरीला चार्जर नक्की लावा, लहान वाला मिळतो, चार महिने लावून ठेवला तरी चालतो. टायरमध्ये हवा चार-पाच पौंड जास्त भरून ठेवा, म्हणजे एका जागी चपटे होत नाहीत. आणि गॅरेजमधलं तापमान शून्याच्या खूप खाली जात असेल तर उन्हाळी टायर उतरवून घरात ठेवा, थंडीत त्यांच्या रबराला भेगा पडतात.

---

बोरकूट

रविवारी येतो. प्लेन्सबरोलाच राहतो. थर्मास भरून चहा माझ्याकडे.